बाळ झोपल्यावर मोजू

मुठ्या दिवस भरायच्या कितीतरी आधी जन्मला. वडिलांच्या मुठीत मावेल एवढाच होता, म्हणून हे नाव पडलं. कित्येक आठवडे श्वासाच्या यंत्रावर काढले. आता तो लिफ्ट दुरुस्त करायचा, दारातून येताना मान वाकवायचा, आणि त्याची मुलगी कॉलेजात होती.

एक दिवस हॉस्पिटलातून फोन आला. "बाळाला तपासणीला घेऊन या."

"कुठलं बाळ?"

"तुम्हीच. अपुऱ्या दिवसांच्या बाळांची फुप्फुसं पुढे कशी राहतात, याचं संशोधन चाललंय. आईला सोबत आणा. बाळ उपाशी नको."

आई नवी साडी नेसून आधीच तयार होती.

डॉक्टरीणबाई गंभीर होत्या. "पहिल्यांदा श्वास झोपेत मोजला होता. आता जागेपणी मोजला तर तुलनेला काय अर्थ?"

"मग झोपेची गोळी द्या," मुठ्या म्हणाला.

"बाळांना गोळी देत नाही."

मास्क त्याच्या नुसत्या नाकावर बसला, म्हणून सिस्टरने त्याचं तोंड हाताने दाबून धरलं. छातीला बांधायचं जाकीट जेमतेम दंडाला पुरलं. खाटेवर त्याचे गुडघे दुमडले, तरी पावलं बाहेरच. दाराबाहेर बाकावर एक मुख्याध्यापिका आणि एक ट्रकवाला आपापल्या आयांना घेऊन बसले होते. "आमचं आज सकाळपासून कुरकुरतंय," ट्रकवाल्याची आई म्हणाली.

मुठ्याला झोप येईना. तेवढ्यात त्याचा फोन वाजला. कुठेतरी लिफ्ट अडकली होती. तो उठू लागला.

"बाळ चिडचिड करतंय," डॉक्टरीणबाईंनी सिस्टरला लिहून घ्यायला सांगितलं.

"चिडणारच!" आई कडाडली. "उताणं झोपायची सवय नाही त्याला. सरका तुम्ही."

ती खाटेवर चढून बसली आणि त्याचं डोकं मांडीवर ओढून थोपटू लागली.

"आई, लोक बघतायत गं."

"बघू देत. तेव्हा तुला हात लावू देत नव्हते. मी पेटीच्या काचेवरच थोपटायचे. सिस्टर ओरडायची, काचेला डाग पडतात म्हणून."

हे त्याला कुणी कधी सांगितलं नव्हतं. त्याने डोळे मिटले. थोड्याच वेळात तो घोरू लागला. सिस्टर पावलं न वाजवता यंत्राकडे गेली.

जागा झाल्यावर बाईंनी विचारलं, "जिना चढताना दम लागतो?"

"लागतो ना. लिफ्ट बंद असली तरच मला बोलावतात. वडील म्हणायचे, अंगात आळस भरलाय."

"आळस नाही. फुप्फुसांना तेव्हाच मार बसलाय, तो पुरता भरून आला नाही. श्वासाने ओढायचं औषध देते. जिना सावकाश चढा."

मुठ्या आईकडे बघून म्हणाला, "आळशी नव्हतो मी."

"मी कधी म्हटलं?" आई डोळे पुसत म्हणाली.

"पाच वर्षांनी परत या," बाई म्हणाल्या. "आईसोबत."

"आणि मी नसले तर?"

बाईंनी खरोखरच विचार केला. "आमच्या पद्धतीत तशी सोय नाही."

"मग राहावं लागेल," म्हणत आई मुंग्या आलेले पाय चोळत खाटेवरून उतरली.

बाहेर ट्रकवाल्याची आई रडकुंडीला आली होती. आईने तिला बाजूला घेऊन हळूच सांगितलं, "मांडी जरा हलवत राहा. आणि फोन काढून घ्या आधी."