सात नंबरचं बाळ आराखड्यात नव्हतं

सात नंबरच्या घराला दार होतं, खिडक्या होत्या, खिडक्यांना पडदेही होते. फक्त उंची नव्हती. छप्पर तिच्या खांद्याला लागायचं. अंगणातली हिरवळ रंगवलेल्या ताडपत्रीची, झाड तारेचं. रोज सकाळी त्या झाडाला झारीने पाणी घालायचं आणि झारीत पाणी अजिबात ठेवायचं नाही. कारण खाली लढाऊ विमानांचा कारखाना होता आणि ही अख्खी वसाहत कारखान्याच्या छपरावर वसवलेली होती. थेंब गळला तर सरळ एखाद्या इंजिनात.

वरून बघणाऱ्या शत्रूला कारखाना दिसू नये, नांदती घरं दिसावीत, म्हणून संरक्षण खात्याने बारा घरं उभारली होती आणि त्यांत पगारी रहिवासी नेमले होते. तिच्या नेमणूकपत्रावर ‘गृहिणी (दिवसपाळी)’ असं लिहिलेलं होतं. खरं नाव घ्यायची बंदी होती, त्यामुळे सगळे तिला सातवाली म्हणत. सातचे यजमान म्हणजे हवालदारकाका. निवृत्तीला टेकलेले. अंगणात खुर्ची टाकून पेपर वाचायचे. गेली तीन वर्षं तोच पेपर.

शत्रूचा उपग्रह दिवसातून काही वेळा डोक्यावरून जायचा. त्याला सगळे नुसतं ‘डोळा’ म्हणत. डोळा यायच्या आधी घंटा व्हायची, की बाराही घरांत संसार सुरू. कुणी कपडे वाळत घालतंय, कुणी बायकोशी हातवारे करून बोलतंय. दुसरी घंटा झाली की संसार बंद, माणसं चहाला.

बाळंतपणाची रजा संपवून ती परत आली तेव्हा तिच्या एका खांद्यावर पिशवी होती आणि दुसऱ्यावर बाळ. सासूबाई म्हणाल्या होत्या, “तू नीज बिनघोर, मी आहे ना.” पण आदल्या आठवड्यात नणंदेचे दिवस भरले आणि सासूबाई तिकडे धावल्या. पाळणाघरवालीने मूल वर्षाचं झाल्याशिवाय घेत नाही म्हणून हात वर केले. नवरा बोटीवर, त्याची सुट्टी पुढच्या वर्षी. नोकरी सोडून भागणार नव्हतं आणि बाळाला सोडून तर मुळीच नाही. मग तिने मनाशी म्हटलं, आपल्याला घर सांभाळायचाच पगार मिळतो ना? मग घरात बाळ असलं तर बिघडलं कुठे?

बिघडलं ते वसाहतीच्या साहेबांच्या टेबलापाशी. त्यांचं प्रत्येक वाक्य आराखड्यापाशी येऊन थांबे, म्हणून मागे सगळे त्यांना आराखडेसाहेब म्हणत.

“हे काय आहे?”

“बाळ आहे, साहेब.”

“ते दिसतंय मला. इथे काय करतंय?”

“सध्या लाळ गाळतंय.”

साहेबांनी आराखड्याची गुंडाळी उलगडली. त्यावर जोरात बोट ठेवलं. “सात नंबरला बाळ नाही. सात नंबर म्हणजे मूलबाळ नसलेलं, शांत, समजूतदार जोडपं.”

“पण आता मला झालंय ना, साहेब.”

“शत्रूच्या लेखी झालेलं नाही. पोट दिसायला लागल्याबरोबर तुम्हाला घरी बसवलं ते उगाच? तुमच्या जागी बदली शिपाई होता. तुमचाच गाउन, केसांचा टोप. शत्रूकडे त्याचे फोटो आहेत. त्यात पोट कुठे आहे, सांगा.”

हवालदारकाका शेजारी उभे होते. त्यांनी खाकरून घेतलं. “पोटाचं सोड, पोरी. तो रोज सकाळी अंगणात जोर मारायचा. गाउन घालून.”

“काका!”

“मी काय करणार? सवयच होती त्याला.”

साहेब निर्दय नव्हते, त्यांनाही दोन लेकी होत्या. त्यांनी बराच वेळ पेन्सिल चावून तोडगा काढला. बदली शिपायाला पुन्हा बोलवायचं, पोटावर उशी बांधायची, दर महिन्याला उशी थोडी जाड करायची. नऊ महिने भरले की बाळ अधिकृत.

“तोवर हा चालायला लागेल, साहेब.”

“चालत जन्माला आलं तर शंका येईल खरी,” साहेब गंभीर झाले. “दिवस जरा आधीच भरलेत असं दाखवू. पण तोपर्यंत घंटा झाली की बाळ छपराखाली. एकदा जरी बाहेर दिसलं, तर तुमची नोकरी मी वाचवू शकणार नाही. समजलं?”

तिला समजलं. बाळाला समजवायचं बाकी होतं.

तो दिवसा एकाच प्रकारे झोपायचा. उभा, आईच्या खांद्यावर, तोंड तिच्या मानेत खुपसून आणि ती चालत असताना. ती थांबली की त्याला झोपेतही कळायचं. आणि सात नंबरच्या घरात उभं राहणंच जमत नव्हतं, चालणं तर दूरच. घंटा झाली की ती त्याला घेऊन आत रांगत जायची. छपराचा पत्रा तापलेला, खालून कारखान्याची धडधड गुडघ्यांत शिरायची. ती कुजबुजायची, “नाही हं राजा, नाही हं माझ्या चिमण्या. वर तो बघतोय. गेला की जाऊ आपण.” चिमण्या सगळं ऐकून घ्यायचा आणि मग टाळा वासायचा.

बदली शिपाई अजून यायचा होता, तोवर चार-पाच दिवस तिने असे काढले. मग एके दुपारी त्याच्या हिरड्या शिवशिवायला लागल्या. सकाळपासून डोळ्याला डोळा नाही, गाल लालबुंद, रडून रडून आवाज बसलेला. शेवटी एकदाचे डोळे मिटायला लागले आणि घंटा झाली. ती आत रांगली. तो दचकून जागा झाला. आता तो रडतही नव्हता, फक्त एक-एक हुंदका देऊन तिच्याकडे बघत होता, इतक्या आश्चर्याने, की आई असून ही असं का करते?

ती उठली आणि बाहेर आली.

वसाहत जागच्या जागी थिजली. पाच नंबरच्या हातातून टॉवेल गळून पडला. हवालदारकाकांनी पेपराआडून ओठ न हलवता म्हटलं, “आत हो. पोरी, आत हो! डोळा डोक्यावर आहे!”

“असू दे.”

“नोकरी जाईल!”

“हळू बोला, काका. मिटतायत डोळे.”

ती ताडपत्रीच्या हिरवळीवरून या टोकापासून त्या टोकाला गेली. वळली. परत आली. एक हात त्याच्या पाठीवर, थोपटत. अंग आपोआप डुलत होतं. मान अवघडली तरी खांदा बदलला नाही, कारण आता बदलला तर सगळंच मुसळ केरात. केव्हातरी तो जड झाला. झोपलेलं मूल अचानक जड होतं, तसा. दुसरी घंटा केव्हा झाली ते तिला ऐकूही आलं नाही.

चौकशी लागली. मोठे साहेब आले, आराखडेसाहेब आराखडा काखेत मारून बसले. गुप्तवार्ता खात्याचे एक साहेब कोपऱ्यात होते. ते इतकी वर्षं कुजबुजत आले होते, की चहात साखर मागायचे तीही कुजबुजून. ती बाळाला मांडीवर घेऊन बसली. घरून निघताना तिने आरशात बघून एक वाक्य पाठ केलं होतं, ‘चूक झाली, पुन्हा होणार नाही.’ आता मात्र ते काही केल्या ओठांवर येईना. कारण ते पुन्हा होणार होतं. उद्या दुपारीच होणार होतं.

“बाई, तुम्ही नियम मोडलात,” मोठे साहेब म्हणाले. “कामावरून कमी करण्याशिवाय...”

कोपऱ्यातून कुजबुज आली.

“काय? जरा मोठ्याने बोला हो!”

“आपला माणूस आहे ना, त्यांच्या फोटो तपासणाऱ्या कचेरीत,” गुप्तवार्तावाले साहेब म्हणाले, “त्याचा निरोप आलाय. वसाहत खोटी आहे हे त्यांना पहिल्या महिन्यापासून माहीत आहे.”

आराखडेसाहेबांच्या काखेतला आराखडा खाली पडला.

“आपल्याला ते ‘नाटक मंडळी’ म्हणतात. जेवणाच्या सुट्टीत सगळे मिळून बघतात. सात नंबरची गृहिणी जोर मारायची तेव्हा तर म्हणे दुसऱ्या मजल्यावरचेही यायचे.”

कुणी कुणाकडे बघेना. हवालदारकाकांनी छताकडे बघितलं.

“पण परवापासून तिथे भांडण पेटलंय. त्यांच्याकडे एक बाई आहे, फोटो वाचण्यात सगळ्यांत मुरलेली. ती म्हणते, बाकी सगळं नाटक असेल, ही बाई खरी आहे. मूल निजवताना माणूस असाच चालतो, हे शिकवून येत नाही. आणि ही खरी असेल, तर घर खरं. घर खरं तर वसाहत खरी. मग कारखाना दुसरीकडे कुठेतरी आहे. निम्मी कचेरी तिच्या बाजूने झालीय. ते आता कारखाना शोधायला भलत्याच डोंगराचे फोटो काढतायत.”

मोठे साहेब उठून उभे राहिले. त्यांनी बाळाकडे नव्या नजरेने बघितलं. बाळाने त्यांच्या छातीवरच्या पदकांकडे बघितलं आणि ती तोंडात कशी जातील याचा विचार सुरू केला.

दुसऱ्या दिवसापासून वसाहतीचं रूप पालटलं. प्रत्येक घराला एक बाळ, असा हुकूम निघाला. खरी बाळं भांडारात नव्हती, म्हणून वाळूच्या पिशव्यांना टोपडी घातली. रहिवाशांना थोपटायला शिकवायचं काम सातवालीकडे आलं. बारा धडधाकट माणसं रांगेत, खांद्यावर वाळू.

“चार नंबर, ती बंदूक नाहीये, मान धरा त्याची! काका, पाठीवर थोपटा, दार नका ठोठावू.”

“हा झोपतच नाहीये माझा,” हवालदारकाका म्हणाले.

“तुम्ही थांबलात म्हणून. थांबायचं नाही, एवढंच आहे यात सगळं.”

पाच नंबरने विचारलं, “आणि पाय दुखले तर?”

“दुखतातच.”

ती त्या दिवशी मनापासून हसली. नोकरी राहिली होती, बाळ खांद्यावर होतं आणि डोळा आला की पळावं लागत नव्हतं. पाच वाजले. तिने पिशवी उचलली, बाळाला टोपी घातली, जिना उतरली आणि फाटकाशी आली. पहारेकऱ्याने हात आडवा केला.

“तुम्ही जा, ताई. बाळ नाही जाणार.”

“म्हणजे?”

“आजपासून ते वसाहतीच्या साहित्यात जमा आहे. महत्त्वाचं साहित्य. रात्री डोळा पुन्हा येतो ना. वर पाळणा लावलाय, काका रात्रपाळीला आहेत.” पहारेकरी चांगला माणूस होता, त्याने नजर चुकवली. “साहित्य बाहेर न्यायला दोनच पास आहेत. परतीचा आणि बिनपरतीचा. परतीच्या पासावर मोठ्या साहेबांची सही लागते, आणि बाळ कायम खात्याचं राहतं. बिनपरतीचा मी देतो. पण मग उद्या त्याला आत आणता नाही येणार.”

कालपर्यंत त्याला आत ठेवू देत नव्हते, आता बाहेर नेऊ देत नव्हते. तिने बाळाला घट्ट धरलं, तसं ते कुरकुरलं. दुधाची वेळ झाली होती.

“मोठ्या साहेबांना बोलवा,” ती म्हणाली. “इथेच. मी हलणार नाही.”

मोठे साहेब आले, मागून आराखडेसाहेब, त्यांच्या मागून कुजबुजणारे. फाटकात एव्हाना रांग लागली होती. सगळ्या घरांची माणसं डबे घेऊन खोळंबली होती.

“बाई, देशाच्या सुरक्षिततेचा प्रश्न आहे,” मोठे साहेब समजुतीने म्हणाले. “आमच्या हातून त्याची आबाळ होणार नाही. मी स्वतः लक्ष घालीन.”

“घाला ना, साहेब. हा घ्या.”

आणि तिने बाळ त्यांच्या हातात दिलं. रणगाडे हाताळलेला माणूस, पण हात बघण्यासारखे झाले. बाळाने आधी पदक चाखलं, मग वर चेहरा बघितला, मग असा सूर लावला की वरच्या वसाहतीत तारेचं झाड हललं असेल. साहेब डुलले. साहेब चालले. सकाळी दुरून बघितलेली शिकवणी आठवून थोपटलंही. सूर चढतच गेला.

“याला... याला हवंय तरी काय?”

“दूध. साहेब, मला एवढंच सांगा, हा सामान आहे का माणूस आहे? सामान असेल तर त्याला भांडारातून दूध पाजा, मी चालले. माणूस असेल तर तोही सकाळपासून कामावर आहे, माझ्याबरोबर आलाय. मग सगळ्यांची पाळी पाचला संपते, ती याची का नाही?”

रांगेतून कुणीतरी “बरोबर आहे” म्हणालं आणि लगेच दुसरीकडे बघायला लागलं.

आराखडेसाहेबांनी आराखडा उलगडला. सात नंबरच्या चौकोनात दोन आकृत्या होत्या. ते वाकले, पेन्सिल ओली केली आणि तिसरी काढली, अगदी छोटी. “माणूस,” ते हळूच म्हणाले. “दिवसपाळी.”

“आणि रात्री?” मोठ्या साहेबांनी आवाजावर आवाज चढवून विचारलं.

“रात्री वाळू झोपेल, साहेब. वाळू काही रडत नाही.”

बाळ आईकडे परत आलं. रडणं एका श्वासात थांबलं, नुसते हुंदके उरले.

पण माणूस म्हटल्यावर गुप्ततेची शपथ आली. शपथेशिवाय कुणाला फाटकाबाहेर सोडत नसत. कुजबुजणाऱ्या साहेबांनी बाळाच्या कानाशी सगळी शपथ वाचली, कलमांसकट. बाळाला त्यांचा आवाज एवढा आवडला की ते त्यांच्याकडे बघून चक्क हसलं. बोटाला शाई लावून अंगठा उठवला. उरलेली शाई त्याने साहेबांच्या शर्टावर नीट वाटली. पहारेकऱ्याने फाटक उघडलं आणि जाता जाता त्याला सलाम ठोकला.

बसथांब्यावर गर्दी होती. आडोशाला बसून तिने त्याला पाजलं. पोट भरलं तसं त्याला बोलणं सुचायला लागलं. शेजारच्या आजोबांकडे वळून, निळा अंगठा आभाळाकडे नाचवत, तो डोळे मोठे करकरून काय काय सांगत सुटला. आजोबाही “हो का? मग?” करत राहिले.

“श्शू,” तिने त्याच्या टाळूवर ओठ टेकले. “शपथ घेतलीयस ना रे आत्ताच?”

त्याने तिचं नाक पकडलं आणि राहिलेलं सगळं तिला सांगितलं.