पडदा का फसतो

या हंगामात आमच्या कॉलेजच्या फुटबॉल टीमचा पडदा अकरा वेळा फसला. मी मोजलं आहे. त्या दिवसांत मोजण्यापलीकडं मला फारसं काही जमतही नव्हतं.

पडदा ही आमची एक चाल. समोरची पोरं बॉल हिसकायला धावून आली की आमच्या पुढच्या तिघांनी त्यांना अडवायचं नाही, हरल्यासारखं करून वाट द्यायची. मागं आमचा पास देणारा एकटा उभा असतो. समोरचे चौघं-पाचजण त्याच्यावर तुटून पडतात. ते अगदी अंगावर येईस्तोवर त्यानं थांबायचं आणि मग त्यांच्या डोक्यावरून बॉल अलगद उचलून मधे मोकळ्या उभ्या असलेल्या प्रफुलकडं द्यायचा. ज्या तिघांनी वाट दिली तेच आता प्रफुलच्या पुढं धावत सुटतात, आणि समोरची अर्धी टीम मागं राहून गेलेली असते. फळ्यावर खडूनं काढली तर फार देखणी दिसते ही चाल.

ती मी अमेरिकेतल्या फुटबॉलच्या व्हिडिओत पाहिली. तो खेळ निराळा, लांबट बॉल हातात घेऊन पळायचा. तिकडं तिला स्क्रीन पास म्हणतात. मी ती आपल्या खेळात बसवली आणि पोरांच्या तोंडी बसावं म्हणून पडदा हे नाव दिलं. त्या खेळात पोरांच्या डोक्यावर हेल्मेट असतं. एवढं सोडून बाकी सगळं मी टीमला सांगितलं होतं.

मी मिहिर. हिंगणघाटच्या एका कॉलेजात पोरांना खेळ शिकवतो. गेल्या वर्षी दिवाळीनंतरच्या सामन्यात आम्ही पडदा पहिल्यांदा वापरला आणि त्याच वेळी तो साधला. प्रफुलनं गोल केला. पास राकेशनं दिला होता. पास दिल्यावर धावत आलेल्या एका पोराचा गुडघा राकेशच्या कानशिलावर बसला. डोक्यात रक्त साकळलं, ऑपरेशन झालं. राकेश वाचला. डावा हात आणि डावा पाय मात्र अजून त्याचं ऐकत नाहीत.

प्राचार्य म्हणाले, ती चाल सोडा. माझ्या घरचे म्हणाले, सोडा. मी सोडली नाही. सोडली असती तर ती चूकच होती असं ठरलं असतं, आणि एका चुकीपायी राकेश घरी बसला असं झालं असतं. ती चूक कुणाची, हे विचारायला कुणाला लांब जावं लागलं नसतं. पडदा आणखी एकदा, फक्त एकदा नीट चालला की मला कदाचित झोप लागेल, असा माझा हिशेब होता. रडू वगैरे येत नव्हतं. जेवत होतो, हजेरी घेत होतो, शिट्टी वाजवत होतो. सुन्न माणसाला शिट्टी वाजवता येते, हे मला या वर्षात कळलं.

पण पडदा काही चालेना. आता राकेशच्या जागी अंकित पास देत होता. कधी त्याचा पास आखूड पडे, कधी प्रफुल बॉलपर्यंत पोचत नसे, कधी पुढं धावणारे तिघं भलतीकडंच जात. पोरं म्हणाली, मैदान उताराचं आहे. मी म्हणालो, नाचता येईना अंगण वाकडं. आमचं अंगण खरोखरच वाकडं आहे, शेजारच्या कापसाच्या जिनिंग कारखान्याच्या भिंतीकडं हातभर उतार आहे, पण मला ऐकून घ्यायचं नव्हतं. रोज संध्याकाळी तीच चाल वीस-वीस वेळा करून घेतली. सरावात व्हायची. सामन्यात पुन्हा पालथ्या घड्यावर पाणी. अकरा सामन्यांचे तुकडे माझ्या मोबाईलवर होते. बॉल थांबवून, मागं नेऊन, पुन्हा पुढं नेऊन मी ते पाहत असे. मला काही सापडत नव्हतं.

ही चाल साधलेला पोरगा जगात एकच होता. म्हणून एका रविवारी सकाळी मी राकेशकडं गेलो. वर्षभरात दोनदा गेलो होतो, दोन्ही वेळा प्राचार्यांबरोबर, सफरचंदं घेऊन, पाच मिनिटांसाठी. या वेळी रिकाम्या हातानं गेलो.

त्याचे वडील बाबाराव जिनिंगमध्ये कामाला आहेत. कपाशीचा हंगाम सुरू झालेला, ते निघण्याच्या घाईतच होते.

"या ना सर, बसा," ते म्हणाले. "चहा घेतल्याशिवाय जाऊ नका."

ते सायकल काढून गेले. राकेशची आई अन्नपूर्णाबाई आत चहा टाकायला गेल्या. राकेश खाटेवर बसून उजव्या हातानं डाव्या हाताची बोटं एकेक करून सरळ करत होता. व्यायाम होता तो. मी मोबाईल त्याच्यासमोर धरला आणि सरळ विचारलं, "पडदा फसून राहिला रे. काऊन फसतो, सांग."

त्यानं दोन तुकडे पाहिले. तिसरा अर्ध्यावर थांबवला. आता तो सावकाश बोलतो, शब्द निवडून ठेवल्यासारखे.

"सर, तुमी बॉल पाहून राह्यले."

"मग काय पाहू?"

"पोराइकडं पाहा. पास सुटला का सगळे कुठं पाह्यतात, थे पाहा."

मी पुन्हा लावला. अंकितच्या पायातून बॉल सुटतो. त्याच क्षणी पुढच्या तिघांच्या माना मागं वळतात. बॉल डोक्यावरून येत असताना प्रफुलही मागं पाहतो. जेमतेम अर्धा सेकंद. पण बॉल तेवढ्यात निसटतो. दुसरा तुकडा लावला, तिसरा लावला. अकराही तुकड्यांत तेच होतं. माझी अख्खी टीम बॉल सोडून पास देणारा उभा आहे की पडला, हे पाहत होती. आणि वर्षभर त्यांच्यावर ओरडणाऱ्या मला ते एकदाही दिसलं नव्हतं.

"सरावात कोणी धडकत नाई," राकेश म्हणाला. "म्हणून तिथं होते."

मग म्हणाला, "त्या दिवसाचा हाये का?"

"काय?"

"व्हिडिओ. माह्या पासचा. मले कोणीच दाखवला नाई."

नाही म्हणता आलं असतं. पण तो माझ्या मोबाईलमध्ये होता आणि राकेशला ते माहीत होतं. मी लावला. बाजूला उभ्या असलेल्या एका मुलीनं तो काढला होता, आणि मुलीचं चुकलं असं नाही, ती बॉलमागं गेली होती. राकेशचा पास उडतो. प्रफुल धावतो, पुढं तिघं धावतात. गोल. सगळी पोरं प्रफुलवर झेप घेतात. मग डावीकडून एक माणूस दोन्ही हात वर करून पळत येतो, प्रफुलला कंबरेत धरून उचलतो आणि गोल गोल फिरतो. तो माणूस मी.

"तुमी लय खुश होते सर," राकेश म्हणाला. त्यात टोमणा नव्हता. टोमणा असता तर मला सोपं गेलं असतं.

"मी कुठं हाओ याच्यात?" त्यानं विचारलं.

"तू दिसत नाहीस."

"मले आवाज येत होते. आभाळ दिसे आन् तुमचे आवाज. मले वाटलं, गोल झाला असन. कोणी येईन आन् सांगन." त्यानं करंगळी सरळ केली. "किती वेळ होतो मी पडून?"

पास सुटल्यापासून आम्ही त्याच्याकडं धावेपर्यंतचा हा आकडा मी व्हिडिओवरून मोजला होता, मला पाठ होता. वर्षभर मी तो कुणाला सांगितला नव्हता, बायकोलाही नाही.

"एक्कावन्न सेकंद."

"मले वाटलं जास्त असन."

अन्नपूर्णाबाई चहा घेऊन आल्या. आम्ही तिघांनी चहा घेतला. मला लाज वाटत होती. वर्षात पहिल्यांदा काहीतरी वाटत होतं, आणि ते लाजच निघालं. उठताना मी म्हणालो, "पडदा बंद करतो."

"बंद कराची असन तं करा," राकेश म्हणाला. "पण माह्या नावानं नका करू. चाल चांगली हाये."

दुसऱ्या दिवशी मैदानावर मी पोरांना खाली बसवलं आणि हेल्मेटचं सांगितलं. एक्कावन्न सेकंदांचंही सांगितलं. अंकितला सांगितलं की अंगावर येईस्तोवर थांबायचं नाही, दोन पावलं आधीच बॉल सोडायचा आणि बाजूला व्हायचं. नको वाटत असेल तर तसं म्हण, चाल आजपासून संपली. जिनिंगच्या फाटकात कपाशीच्या गाड्या लागल्या होत्या, पोरं तिकडं पाहत बसली. मग प्रफुल म्हणाला, "सर, मान आपोआप वळते. आमी मुद्दाम नाई करत."

"माहीत आहे."

"एकदा करून पाहू," अंकित म्हणाला. "मांगं कोणी असलं म्हणजे झालं."

पुढच्या गुरुवारी आष्टीची टीम आमच्याकडं आली. मधल्या रेषेजवळच्या माझ्या नेहमीच्या खुर्चीवर मी बसलो नाही. आमच्याच गोलच्या मागं जाऊन उभा राहिलो. रेफ्रीनं येऊन विचारलं, इथं काय करता. मी म्हणालो, मला इथूनच दिसतं. तो मान हलवून गेला. सामन्याआधी पोरांना एवढंच म्हणालो होतो, "तुम्ही पुढं पाहा. मागं मी पाहतो."

उत्तरार्धात बरोबरी असताना अंकितनं हात वर केला. पडद्याची खूण. पुढच्या तिघांनी वाट दिली. आष्टीची चार पोरं सुटली. अंकितनं बॉल सोडला आणि बाजूला झाला, पण एकाचा खांदा लागलाच. अंकित आडवा झाला.

माझ्या कानावर ओरडा आला. मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाकडून, मोठा. मी तिकडं पाहिलं नाही. गोलच्या खांबाला वळसा घालून पळत सुटलो, चप्पल निसटली ती तिथंच राहिली. मी पोचलो तेव्हा अंकित उठून बसत होता. मी गुडघ्यावर बसलो, त्याचं डोकं दोन्ही हातांत धरलं, कानशिलं चाचपली, डोळ्यांपुढं बोटं धरली. त्यानं बरोबर मोजली.

ओरडा वाढतच होता. तो आमचा की आष्टीचा, मला ओळखू येत नव्हतं.

"सर," अंकित म्हणाला, "गोल झाला का?"

"माहीत नाही," मी म्हणालो. "मी तुझ्याकडं पाहत होतो."