पक्केबाबांच्या भट्टीतलं बदक

साहित्य

देवासहून बागलीकडे जाणाऱ्या रस्त्यावर गुरुवारी पाय ठेवायला जागा नसे. कन्नौदची मंडळी ट्रॉलीत, गंधवानीची जीपच्या टपावर. मध्ये तंबू, तंबूत भट्टी, भट्टीपुढे पक्केबाबा. बाबांच्या हातात देवीची मूर्ती, कानाच्या पाळीइतकी मऊ. ती सगळ्यांनी दाबून पाहायची. मग मूर्ती मडक्यात जाई, मडक्याचं तोंड मातीने लिंपलं जाई आणि मंत्र म्हणत मडकं भट्टीत उतरे. संध्याकाळी ते फोडलं की आतून काळी कुळकुळीत देवी निघे. टिचकी मारली तर खणखणे. फक्त जरा लहान झालेली.

"छोटी क्यों हुई, बताओ?" बाबा विचारत. "अहंकार जल गया, भिया. जो बचा, वो पक्का."

आयाबाया डोळे पुसत. उमाबाईसुद्धा.

उमाबाई येत त्या नातीसाठी. चिऊचे पाय जन्मतः आत वळलेले. प्लास्टर घालून घालून सरळ झाले, पण झोपताना पट्टीने जोडलेले बूट अजून काही वर्षं घालायचे होते. नाहीतर पाय पुन्हा वळतील, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. बूट दिसले की चिऊ रडे, आणि चिऊ रडली की उमाबाईंच्या घशाखाली घास उतरत नसे. बाबांनी सोपा उपाय सांगितला: बूट फेका, पाय भट्टीच्या आचेवर धरा, हाडं पक्की.

"आई, तो पाय आहे, मडकं नाही," ऋजुता म्हणाली. ही चिऊची आई, उमाबाईंची मुलगी. इंदूरला एका प्रयोगशाळेत उष्णता सोसणाऱ्या सिरॅमिकवर काम करी.

"तुझी भट्टी तेवढी शास्त्र, आणि बाबांची थोतांड?"

ऋजुताने गुरुवारची रजा टाकली आणि पर्स घेऊन बरोबर निघाली.

कृती

(मंत्र ऐच्छिक.)

सकाळी भट्टीपाशी चिऊला पुढे करताना उमाबाईंचे हात थबकले. श्रद्धा कमी झाली होती असं नाही. सवय आडवी आली. अनारसे करताना त्यांनी जन्मात कधी घाणा एकदम सोडला नव्हता. आधी एकच तुपात टाकायचा. तो हसला, म्हणजे विरून पसरला, तर निदान बाकीचं पीठ वाचतं. आणि इथे नात तर एकुलती एक.

त्यांनी चिऊच्या मुठीतलं रबरी बदक सोडवून घेतलं.

"महाराज, पहले ये बदक पक्का कर दो. फिर पोरी का पाँव."

बाबा हसले. "माताजी, रबर में श्रद्धा नहीं होती."

"रबराला नसेल. मला आहे ना."

"डाल दो महाराज," मागून कुणी म्हणालं, "अपन भी देखें, भिया."

आता नाही म्हणणार कसं? तेच मडकं, तीच माती, तोच मंत्र. उमाबाईंनी लिंपणावर स्वतः हात फिरवून पाहिला.

निरीक्षण

संध्याकाळी मडकं फुटलं. पहिल्या रांगेने नाकाला पदर लावला. तळाशी काजळी आणि थोडं डांबरासारखं चिकट. बदक नाही.

"हसलं गं," उमाबाई पुटपुटल्या.

"बच्ची का पूर्वजन्म का पाप," बाबा म्हणाले.

"पोरीचं कसलं पाप? जळलं ते बदक." उमाबाई मुलीकडे वळल्या. "ऋजू, देवी का नाही जळली?"

ऋजुताने पर्समधून एक वस्तू काढून आईच्या तळहातावर ठेवली. करंजी. मुरड घातलेली, काळी कुळकुळीत, खणखणीत.

"ही माझ्या भट्टीतली. मंत्र म्हटला नाही, रेडिओ चालू होता."

माणसं जवळ सरकली.

"देवी काय, ही करंजी काय, मूळची एक खास राळ असते. हिच्या रेणूंच्या कण्यात सिलिकॉन आणि ऑक्सिजन एकमेकांना घट्ट धरून असतात. कडेला कार्बन-हायड्रोजनचे गट लोंबतात. ताप चढला की त्यांतले बरेचसे सुटून वायू होतात, म्हणून वस्तू आक्रसते. उरलेले सिलिकॉन, ऑक्सिजन आणि थोडा कार्बन चहूबाजूंनी हात धरून जाळं विणतात. तेच सिरॅमिक. कार्बन मागे राहतो म्हणून काळं. मडकं लिंपायचं ते हवा लागून तो जळू नये म्हणून."

"आणि बदक?"

"त्याचा कणाच कार्बनचा. तापात तुकडे तुकडे होतो, जाळं विणतच नाही."

"मग पाय?" उमाबाईंनी विचारलं.

"पाय भाजतो, आई."

बाबांना अचानक ध्यानाची वेळ आठवली. तंबूचा पडदा पडला.

अनुमान

त्या रात्री चिऊ बूट पाहून रडलीच. उमाबाईंनी बुटाचा पट्टा मात्र सोडला नाही.

"टाच खाली टेकली का, ते बघ आधी," त्या ऋजुताला म्हणाल्या. "वर राहिली तर रडवून उपयोग काय?"

मंडळी, आग माणूस ओळखत नाही, मंत्रही ओळखत नाही. ती फक्त आत कोण कोणाला किती घट्ट धरून आहे ते पाहते. कुणी काही पक्कं करून दाखवलं तर हात जोडायच्या आधी विचारा: ही वस्तू कशाची आहे, आणि माझं लेकरू कशाचं? उत्तर मिळेपर्यंत लेकराला कडेवरून खाली उतरवू नका.