कारखान्याचं नाक

दूध करपून पातेलं काळं पडलं होतं आणि बाबा ओट्याला टेकून निवांत पेपर वाचत होते. लेक बाहेरच्या खोलीतून धावत आली, तिने गॅस बंद केला. बाबांनी मान वर करून विचारलं, "काय झालं?"

आता लपवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

बर्फाच्या कारखान्यात बाबांना सगळे 'नाक' म्हणत. बर्फ गोठवण्यासाठी पाइपांमधून फिरणारा अमोनिया कुठे जरासा झिरपला, तरी बाबा जोडाजवळ वाकत, एक श्वास घेत आणि नेमकं बोट ठेवत. त्यांच्यापुढे साहेब लोकही नाकाने कांदे सोलत नसत. एका मोठ्या आजारपणात वास गेला तो गेलाच. तेव्हापासून बाबा सवयीने वाकत होते, गंभीर चेहरा करत होते, "ठीक आहे" म्हणत होते आणि दिवसभर जीव मुठीत धरून वावरत होते.

लेकीला आधी राग आला, मग रडू आलं. ती एका प्रयोगशाळेत स्फटिक तयार करायची. दुसऱ्या दिवशी तिथल्या मॅडमना विचारून तिने त्या स्फटिकांचा पिवळा लेप दिलेली कागदी पट्टी घरी आणली. अमोनिया लागला की ही तांबडी होते, म्हणाली. बाबांनी पट्टी उलटसुलट करून पाहिली आणि नाक मुरडलं. एवढ्याशा लेपात वायू मावणार कुठे? तिने समजावलं की आत रेणू एकमेकांना धरून उभे असतात, मधल्या पोकळीत वायू जाऊन बसतो.

"धरून म्हणजे? वेल्डिंगसारखं पक्कं?"

"नाही हो. हायड्रोजनचा बंध असतो तो. बोटांत बोटं अडकवल्यासारखा."

"म्हणजे कच्चं काम."

"कच्चं आहे म्हणून तर सुटलं तरी परत जुळतं, बाबा."

बाबांनी पट्टी खिशात टाकली, ती केवळ लेकीचं मन राखायला. चारचौघांत ती काढायची म्हणजे नाक कापून घेण्यासारखंच होतं. कामावर गेल्यावर सगळ्यांकडे पाठ करून त्यांनी ती एकेका जोडाजवळ धरली. कॉम्प्रेसरमागच्या व्हॉल्व्हपाशी पट्टी तांबडी झाली. शेजारीच फिटर काम करत होता.

"काका, वास येतोय का?" त्याने विचारलं.

नुसतं "हो" म्हटलं असतं तर कुणाला पत्ताही लागला नसता. पण मग सगळे पुन्हा या मेलेल्या नाकाच्या भरवशावर राहिले असते. बाबांनी पट्टी वर धरली.

"मला नाही रे येत आता. माझ्या लेकीला आला."

मास्क चढवून फिटरने व्हॉल्व्ह आवळला. मग तो बाहेर आला. बाबा दारात मोकळ्या हवेत पट्टी धरून उभे होते, तिचा तांबडा रंग हळूहळू उतरत होता.

"कशी धरायची ही? मला दाखवा," तो म्हणाला.

बाबांनी पट्टी त्याच्या हातात दिली आणि जोडापाशी कुठपर्यंत वाकायचं ते दाखवलं.