अर्ध्या गोळ्यांचा अडकित्ता

मी अडकित्ता बोलतोय, आणि मी चिडलोय. गोड बोलणं जमणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

ताडकळसच्या आठवडी बाजारात एका लोहारानं मला विकायला मांडलं होतं. सरजाबाईच्या आईनं लेकीच्या लग्नात द्यायला म्हणून मला घेतलं. सरजाबाईच्या पानसुपारीच्या चंचीत बसून मी झरीला, तिच्या सासरी आलो आणि इथलाच झालो. काम एकच, सुपारी कातरायची. दारात कुणीही येवो, आधी मी बाहेर निघायचो. एक खांड आलेल्याला, एक आपल्या तोंडात. एकटीनं खाणं सरजाबाईला माहीतच नव्हतं. मला या सवयीचा अभिमान वाटायचा. आता त्याच सवयीचा संताप येतो.

तीन वर्षांपूर्वी तिचं बीपी वाढलं. परभणीच्या डॉक्टरांनी एक गोळी लिहून दिली. "आजी, अख्खी गिळायची. फोडायची नाही, ती दिवसभर हळूहळू विरघळते. आणि आता ही जन्मभर घ्यायची."

मेडिकलवाल्यानं किंमत सांगितली. त्यानंतर सरजाबाईच्या डोक्यात एकच शब्द राहिला, जन्मभर. घरी येऊन तिनं मला उघडलं, गोळी पात्याखाली ठेवली आणि मूठ दाबली.

अहो, मी सुपारीसाठी घडलोय! सुपारी टणक असते, पात्याला झुंजवते. गोळी नुसतीच फुटली. पूड लुगड्यावर सांडली, ती सरजाबाईनं बोटानं टिपून चाटली. महिन्याचं औषध असं दोन महिने पुरायला लागलं. तिला वाटलं, आपण लय हुशारी केली.

तिचा मुलगा दत्तराव पाथरीला मास्तर आहे. दर रविवारी फोन करतो. "जय भीम, माय. गोळ्या घेतीस का?"

"घेते की."

संपलं संभाषण! पुरतात का? कितीला येतात? आणतं कोण? एवढा शिकलेला माणूस, पण पुढचा प्रश्न विचारत नाही. आणि ही बाई सांगत नाही, कारण पोराच्या घराचे हप्ते चालू आहेत. दोघंही एकमेकांना जपतात म्हणे. असलं जपणं चुलीत घाला.

पुढं तर कहर झाला. शेजारची मनकर्णाबाई येऊन टेकली. "सरजे, मलाबी लय गरगरायलंय गं."

सरजाबाईनं काय करावं? सवयीनं मला उघडलं. "घे, अर्धी तू खा, अर्धी मी खाते."

"कडू हाय की गं."

"मग काय बडीशेप देऊ संगं?"

दोघी खदखदा हसल्या. दुसऱ्याचं औषध, ना तपासणी ना डॉक्टर, आणि वाटप सुपारीसारखं! मला तोंड आहे, पण ते फक्त चावायला.

सहा महिन्यांनी डॉक्टरांनी बीपी मोजलं. जास्तच निघालं. "गोळी रोज घेता ना?"

"रोज घेते." खोटं कुठं होतं ते?

डॉक्टरांना वाटलं, औषध कमी पडतंय. त्यांनी दुप्पट ताकदीची गोळी लिहिली. किंमतही वाढली. मग सरजाबाई एका गोळीची चार खांडं करायला लागली.

हे पकडलं तिच्या नातीनं. धम्मशीला परभणीच्या कॉलेजात शिकते. सुट्टीत आली, मला हातात घेतलं, तर पात्यावर पांढरी पूड. "आजी, हे काय?"

"चुना असंल."

धम्मशीलानं पूड जिभेला लावली, ती कडू लागली. तिनं पाकिटं मागितली, तर आत गोळ्यांची पाव-पाव खांडं. मग दत्तरावला फोन लावून तडक बोलावून घेतलं.

"पप्पा, हेच औषध दुसऱ्या नावानं स्वस्तात मिळतं. मी डॉक्टरांना फोन करून विचारलंय, चालतं म्हणाले. फक्त पहिल्याच ताकदीची घ्यायची, पण अख्खी."

"माझ्या मायला हलकं औषध नको," दत्तराव म्हणाला. "पैसे मी देतो. तिनं मागायचे होते."

"लोकं काय म्हणतील," सरजाबाईनं री ओढली, "मास्तरची माय स्वस्तातलं खाती?"

"हलकं नको आणि पाव चालतं?" धम्मशीला एवढ्या जोरात ओरडली की मनकर्णाबाई दारातूनच परत फिरली. "तीन वर्षं फोनवर जय भीम घातलात दोघांनी. एकानं विचारलं नाही, एकीनं सांगितलं नाही!"

मी पितळेचा असतो तर त्या दिवशी झळाळलो असतो.

दुसऱ्या दिवशी पोरीनं स्वस्तातल्या गोळ्या आणून दिल्या आणि ती परीक्षेला गेली. सरजाबाईनं त्या डब्यात ठेवल्या. "आधी जुन्या संपू दे. फेकायच्या का?" आणि पुन्हा मला उघडलं. जुनी अर्धी पट्टी वाचवायची होती तिला. एवढीच.

नवव्या दिवशी, सकाळी चहा पिताना, बशी हातातून सुटली. उजवा हात गेला, तोंड जरा वाकडं झालं.

दवाखान्यात जेवढे पैसे गेले, त्यात कितीतरी वर्षांच्या अख्ख्या गोळ्या आल्या असत्या. दत्तराव आता रोज फोन करतो. माझी दोन्ही पाती धड आहेत, दाबणारा हात नाही.

तुमच्या घरात कुणी म्हातारं असेल तर 'गोळ्या घेता का' असं विचारू नका. ते 'घेतो' म्हणणारच. उठा, डबा उघडा, पाकीट हातात घ्या, किंमत वाचा. स्वस्तातली मिळते का, ते डॉक्टरांना विचारा. लाज वाटली तर वाटू द्या.

आज सकाळचीच गोष्ट. धम्मशीलानं गोळी आणि पाणी पुढं ठेवलं. सरजाबाईनं डाव्या हातानं चंची चाचपली, मला बाहेर काढलं आणि नातीकडं सरकवलं.

"एवढी अर्धी करून दे गं, बाई."

धम्मशीलानं माझ्याकडं पाहिलंसुद्धा नाही. तिचे डोळे भरले होते, आवाज मात्र तसाच कडक.

"आ कर, आजी."