टाकीतला वारा

मुसाचाचा पाणी पीत नव्हता, आणि त्याला कारण होता स्वयंपाकघरातला नळ.

साधा नळ नव्हे हो, मशीनचा नळ. जयगडच्या खाडीकाठी हफीजाच्या घरची विहीर कधीची खारी झालेली. चहात कितीही साखर घाला, दर्या काही चहातून जाईना. म्हणून कतारला असणाऱ्या फहादनं, म्हणजे तिच्या लेकानं, गेल्या सुट्टीत ओट्याखाली आरओ मशीन बसवून दिलं. मशीनशेजारी भोपळ्याएवढी पांढरी टाकी आणि वर बगळ्याच्या मानेसारखा वाकडा नळ. मशीन थेंब थेंब पाणी गाळायचं, टाकीत साठवायचं, आणि नळ फिरवला की गोडं पाणी भसाभसा यायचं. हफीजा इतकी खूश, की आल्यागेल्याला सरबत सोडून नुसतं पाणीच पाजत सुटली होती.

हल्ली मात्र धार बारीक झाली होती. चुळकाभर पाणी जोरात यायचं, मग नुसता दोरा. पेला भरेपर्यंत भाकरी करपायची.

करपली तर करपली, त्याचं एवढं काही नाही. पण हफीजाच्या नवऱ्याची, मुसाचाचाची, खुर्ची होती नळासमोर. तरुणपणी तो शिडाच्या गलबतावर खलाशी होता, आणि आता म्हातारपणी त्याचं मन पुन्हा त्याच गलबतावर जाऊन बसलं होतं. सकाळी घरात असायचा, दुपारी दर्यात. हफीजाला कधी नावानं हाक मारायचा, कधी परक्या बाईसारखं 'बाई' म्हणायचा. त्यानं ती दोरा झालेली धार पाहिली आणि संपलंच. वारा पडला की गलबत भरदर्यात जागच्या जागी डुलत राहायचं. गलबताचा म्होरक्या, तांडेल, मग गोड्या पाण्याच्या पिंपाला कुलूप लावायचा आणि माणशी वाटा ठरवून द्यायचा. धार बारीक झाली म्हणजे पिंप तळाला आलं, हे मुसाचाचाला कुणी शिकवायला नको होतं.

हफीजानं पेला पुढे केला की तो बशी झाकून खिडकीत ठेवायचा.

"पोरांना असू दे. मला तहान नाय."

"अहो, कसली पोरं? मशीन बिघडलंय. पाणी रगड आहे!"

"हळू बोल बाई," तो कळवळून म्हणायचा. "पोरं ऐकतील. घाबरतील."

तिनं बाटलीतलं पाणी आणून पाहिलं, तर म्हणाला, तांडेलाला विचारलंस का? पेज दिली, तीही झाकून ठेवली. ओठ सुकले, डोळे खोल गेले. काल डॉक्टरीणबाई येऊन तपासून गेल्या आणि स्पष्टच बोलल्या, उद्यापर्यंत पोटात पाणी गेलं नाही तर रत्नागिरीला ॲडमिट करून सलाईन लावावं लागेल. मागच्या खेपेला दवाखान्यात त्यानं सुई उपसून काढली होती आणि पोरासारखा रडला होता, मला दर्यात टाकू नका म्हणून. ते रडणं हफीजाला पुन्हा ऐकायचं नव्हतं. या अल्ला, काही झालं तरी ते नको.

तिनं मशीनवाल्या नितेशला फोन लावला.

"चाची, मी गुहागरात अडकलोय, आज काय जमत नाय. धार सुरुवातीला जोरात आणि मग बारीक, असंच ना? मग टाकीतली हवा गेलीय. हवा भरा."

"मेल्या, पाण्याच्या टाकीत हवा? थट्टा करतोस म्हातारीची?"

"नाय ओ! टाकीत आत रबराची पिशवी असते. पिशवीत पाणी, बाहेर हवा. हवा पिशवीला दाबते म्हणून नळाला जोर येतो. हवा गेली की पाणी असून नसल्यासारखं. घरात सायकलचा पंप आहे काय?"

पंप होता. फहादची सायकल कधीच भंगारात गेली, पण पंप पडवीत खुंटीला तसाच लटकत होता. आई कुठं टाकते असल्या वस्तू! नितेशनं सांगितलं तसं तिनं मशीनला येणारं पाणी बंद केलं, वरचा नळ उघडा सोडला. टाकीच्या बुडाशी निळं टोपण होतं, त्याच्याखाली सायकलच्या ट्यूबसारखाच वॉल्व्ह.

"बेतानं मारा हां चाची. कमी पडली तर धार रडत येते, आणि जास्ती झाली तर पिशवी दबून जाते, पाण्याला जागाच उरत नाय."

बिस्मिल्ला म्हणून तिनं दांडा दाबला. फुस्स. पुन्हा दाबला. फुस्स. वर नळातून अडकलेलं पाणी उचकी लागल्यासारखं पडलं. गुडघे कुरकुरत होते, पदर घामानं भिजला होता, तरी तिला आपलंच हसू येत होतं. निकाह होऊन आली तेव्हा कुणी सांगितलं असतं, तू एक दिवस पाण्यात हवा भरशील म्हणून, तर तिनं त्याला वेड्यात काढलं असतं.

फुस्स. फुस्स.

"वारा!"

तिनं मान वर केली. मुसाचाचा खुर्चीत ताठ बसला होता. डोळे मिटलेले, नाक वर, कान ओट्याकडे.

"वारा उठला गो! ऐकतेस काय? शीड भरतंय."

हफीजाचे हात थांबले. खरं सांगायचं ते तिच्या जिभेवर आलं होतं, पण तिनं गिळलं. "होय," ती म्हणाली, "उठला वारा." आणि आणखी थोडी हवा मारून तिनं टोपण लावलं, नळ बंद केला, मशीनचं पाणी सोडलं.

आता टाकी भरेपर्यंत वाट बघायची. ओट्याखाली मशीन हलकेच घुमू लागलं. बाहेर माडांची सावली अंगणातून सरकत खळ्यापर्यंत गेली. भरतीचं पाणी खाडीत शिरत होतं, आणि लांब बंदरातल्या बोटीनं भोंगा दिला तशी घरातली भांडी किणकिणली. हफीजा जमिनीवर, त्याच्या खुर्चीला टेकून बसली. मुसाचाचा सांगत होता, डाव्या अंगाला जमीन दिसते, पाणी हिरवं झालं, आता पक्षी येतील. तिचे डोळे जड झाले. तिला वाटलं, खरंच भुई हलते आहे, चुलीमागची भिंत मागे सरते आहे, आणि सगळं घर, मांडणीवरच्या बरण्यांसकट, हळूहळू खाडीतून बाहेर निघालं आहे. आयुष्यभर ती किनाऱ्यावर उभी राहून त्याची वाट बघत आली होती. त्याच्या गलबतावर बसली ती आज पहिल्यांदा.

मशीन घुमायचं थांबलं, तशी ती दचकून उठली. टाकी भरली होती.

तिनं काचेचा पेला नळाखाली धरला आणि मूठ फिरवली. धार आली ती करंगळीएवढी जाड, पेला भरून तिच्या हातावर सांडली, मोरीत वाहून गेली, तरी बारीक होईना. तिनं मुद्दामच वाहू दिली. मुसाचाचा बघत राहिला. मग त्याच्या सुकलेल्या ओठांवर हसू फुटलं.

"बंदर लागलं," तो म्हणाला.

"लागलं."

त्यानं पेला दोन्ही हातांत घेतला. पण त्यानं तो तोंडाला लावलाच नाही, हफीजाकडे निरखून पाहिलं.

"बाई, तू इथलीच काय? माझं एक काम कर. जयगडात माझी हफीजा आहे. वाट बघून तिचा जीव अर्धा झाला असेल. तिला निरोप धाड, की वारा मिळाला, आता मी येतोय. तिला निरोप पोचल्याशिवाय पाणी नाय उतरायचं माझ्या घशाखाली."

नळ वाहत होता. हफीजानं ओला हात पदराला पुसला आणि त्याच्या गालावर ठेवला.

"पोचला तिला निरोप," ती म्हणाली. "आत्ताच पोचला."

मुसाचाचानं मान डोलावली, आणि गटागटा सगळा पेला रिकामा करून तिच्यापुढे धरला.

"भर आणखी."