आरशाला पहिला चेहरा

ऐक. नुसतं ऐक, मध्ये बोलू नकोस, नाहीतर माझा धीर सुटेल.

आमचा आरशांचा कारखाना तू बघितलायस ना? कारखाना कसला, दोन खोल्या. बाहेरच्या खोलीत आई आणि मी काचा धुतो, पुसतो, कडा घासतो. आतल्या खोलीत बाबा काचेवर चांदीचं पाणी ओततात. तिथे मला बंदी. आईलाही. कारण तिथे नव्या आरशाला पहिला चेहरा द्यावा लागतो, आणि तो पुरुषानेच द्यायचा. म्हणजे चांदी बसली की शंभर आकडे होईपर्यंत समोर उभं राहायचं. हलायचं नाही, पापणी लववायची नाही, चेहऱ्यावर काही दिसू द्यायचं नाही. मग आरसा लख्ख होतो. नाही दिला तर धुरकटच राहतो आणि वाट बघतो. जो समोर येईल त्याची.

आणि लख्ख काही फुकट होत नाही. प्रत्येक आरसा चेहऱ्यातलं थोडंसं घेतो.

तू एकदा म्हणालीस आठवतंय, "तुझ्या बाबांना बारा महिने सर्दी असते का गं, सारखा मफलर?" मी हसण्यावारी नेलं. सर्दी नाही गं. आधी त्यांच्या भुवया गेल्या, मग नाक सपाट झालं, मग डावा डोळा. आजोबांचं तर शेवटी सगळंच सोललेल्या अंड्यासारखं झालं होतं. हाक मारली की नुसती मान वळायची.

परवा माणसाच्या उंचीचा आरसा होता. एवढा मोठा आरसा बाबांचं तोंड नेणार, हे आम्हाला कळत होतं. दादा म्हणाला, "बाबा, आज मी उभा राहतो." म्हणाला खरा, पण सकाळपासून दोनदा ओकला होता.

"तू?" बाबा म्हणाले. "आधी गुडघे थांबव. पुरुषासारखा पुरुष, आणि लटलट कापतोय."

"मग मी राहते," मी म्हणाले.

"पोरीचा चेहरा आपला नसतो. परक्या घरची ठेव ती. त्यात खोट आली तर उद्या तुला कोण करून घेईल?"

"आणि बिनतोंडाच्या दादाला कोण करून घेणार आहे?"

"बघा, बघा हिची जीभ!" आई म्हणाली. "आरशाने पहिली तीच न्यावी." पण म्हणताना तिने माझं मनगट घट्ट धरलं होतं.

चांदी ओतली की बाबा बाहेर येऊन कोपरापर्यंत हात धुतात. तेवढ्यात मी आत शिरले आणि कडी लावली.

उंच खिडकीतून दुपारचं ऊन, गंजल्या लोखंडासारखा वास, आणि भिंतीला टेकलेला तो. मी मोजायला लागले. दहापर्यंत काही नाही. म्हटलं, उगाच बाऊ करतात. पंधराला सुरू झालं. ओला फडका गालाला चिकटावा आणि कुणीतरी तो सावकाश सोलावा, तसं. भुवईला हात लावला तर अर्धी गुळगुळीत. हे बघ, ही. पेन्सिलने काढलीय.

मग मी जे भोकाड पसरलं! तोंड वेडंवाकडं, नाक गळतंय. आणि ती ओढ निसटली. एकदम. परत गालावर चाचपडली, परत निसटली. तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला, अगं, त्याला स्थिर चेहराच धरता येतो! आजोबा, बाबा, सगळे खांबासारखे उभे राहिले म्हणून गेले. मला खांब व्हायला कुणी शिकवलंच नव्हतं.

मग काय, मी वाकुल्या दाखवायला लागले. जीभ बाहेर, डोळे तिरळे, गाल फुगवून. साठ, एकसष्ट, बासष्ट. थोडी हसलेसुद्धा.

आणि बघते तर आतली मी जीभ काढतच नव्हती. ती शांत उभी होती. वाट बघत.

माझ्या तोंडून किंकाळी निघाली. दादाने लाथ मारून दार उघडलं. बाबा धावत आले, मला बाजूला ढकललं आणि सवयीने आरशासमोर ताठ उभे राहिले. मला वाचवायला. त्यांचा ओठ कडेने पुसट व्हायला लागला.

"बाबा, रडा! ओरडा! तोंड वाकडं करा!"

त्यांना येईचना. तीस वर्षं काही दिसू न देणारा माणूस. मग मी त्यांना थोबाडीत मारली. हो. बापाला. काडकन. त्यांचा चेहरा चुरगळला आणि ते तान्ह्या बाळासारखे रडायला लागले. ओढ तुटली. पण तोवर अर्धं तोंड गेलं होतं. ते काचेवर दिसत होतं गं, नुसते अर्धे ओठ, ओले, हलणारे. काहीतरी बोलत होते.

"अजून सुटतील," बाबा उरलेल्या तोंडाने म्हणाले. "चांदी ओली आहे. सोडवता येतील."

तेवढ्यात आई चादर घेऊन आली, आरसा झाकायला. चादर वर धरताना तिची नजर आत गेली आणि ती तिथेच थिजली. मी तिला ओढलं, चिमटे काढले, चापट मारली. तिच्या चेहऱ्यावर काही उमटेचना. घरात कुणी काहीही बोललं तरी चेहऱ्यावर न दाखवायची तिची सवय, आणि आम्ही म्हणायचो, आई किती समजूतदार! तिच्या हनुवटीवरचा तीळ गेला. मग हनुवटीचा आकार जायला लागला.

दार फोडायला आणलेली हातोडी दादाच्या हातात होती, पण तो नुसता उभा. मी ती हिसकावली.

"नको! नको!" बाबा ओरडले. "ओठ आहेत त्यात!"

काचेवर ते ओठही तेच म्हणत होते. मला दिसलं.

मी फोडला.

आईचा फक्त तीळ गेला. बाबांना "भाकर" म्हणता येत नाही, "प" येत नाही, "म" येत नाही. ते माझ्याशी बोलत नाहीत. बोलता येत नाही म्हणून की बोलायचं नाही म्हणून, ते विचारायची माझी छाती होत नाही. दादा म्हणतो बरोबर केलंस. आई तर काहीच म्हणत नाही, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला आजही काही कळत नाही.

आता बोल. खरं सांग हं, माझी समजूत काढू नकोस. माझ्या जागी तू असतीस, तर काय केलं असतंस?